फिरत्या चित्रगृहाचा जुना ट्रक : ओळख, जीर्णोद्धार आणि ‘मूळ रूपा’चा प्रश्न

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव वसलेले आहे. चुनखडी व कोळसा ही या परिसराची खनिज संपत्ती असून २०२२ मध्ये येथील सिमेंट कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. त्यामुळे कोळसा, चुनखडी आणि सिमेंट वाहणारे ट्रक हा येथील रस्त्यावरील नित्याचा देखावा आहे. जेथे ट्रक इतके आहेत तेथे ट्रककडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची कल्पनाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. जुना झाला की तो भंगारात जातो, त्याचे पाटे एखाद्या बैलगाडीला किंवा ट्रॉलीला लागतात आणि हौद्याच्या फळ्या चुलीत जातात.

तथापि ग्रामीण महाराष्ट्रात चित्रपट पोहोचविण्याचे काम ज्या वाहनांनी केले, त्यांचा विचार या सर्वसाधारण नियमाच्या बाहेर जाऊन करणे आवश्यक आहे. टुरिंग टॉकीज, तंबू टॉकीज किंवा फिरते चित्रगृह या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाचा इतिहास आजवर प्रामुख्याने चित्रपट, नट-नट्या व निर्माते यांच्या अंगाने लिहिला गेला. ज्या ट्रकमध्ये प्रक्षेपण यंत्र बसविलेले असे, ज्याच्या केबिनमध्ये, टपावर आणि खाली कामगार हंगामभर झोपत, त्या ट्रकचा उल्लेख आला तरी ओझरता येतो. पाश्चात्त्य देशांत ट्रकच्या पाठीवर राहती खोली बसवून केलेल्या प्रवासी वाहनांचे संग्राहक आहेत आणि त्यांच्या जीर्णोद्धाराचे एक शास्त्रही तयार झाले आहे. आपल्याकडे हौसेच्या सहलीसाठी अशी वाहने फारशी झाली नाहीत. पोटासाठी मात्र झाली. टुरिंग टॉकीजचा ट्रक हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. असा ट्रक ओळखावा कसा आणि तो वाचवावयाचा झाल्यास त्यातील नेमके काय वाचवावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

घर आणि यंत्रगृह

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला हे सर्वश्रुत आहे. परंतु पडद्यावर चित्रे दाखवीत गावोगाव फिरण्याची परंपरा त्याहूनही थोडी आधीची आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अब्दुल्ली इसुफअली यांनी तंबू, यंत्र व फिल्म घेऊन आग्नेय आशियात आणि नंतर भारतात दौरे केले. हा प्रवास रेल्वेने व बैलगाडीने होत असे. मोटारट्रक या धंद्यात आला तेव्हा केवळ वाहन बदलले नाही, तर धंद्याची रचनाच बदलली. बैलगाडीतून यंत्र उतरवून तंबूत मांडावे लागे. ट्रकमधून ते उतरविण्याची गरजच उरली नाही. यंत्र हौद्यातच पक्के बसवावे, ट्रक तंबूच्या मागील बाजूस उभा करावा आणि हौद्यातूनच पडद्यावर प्रकाश टाकावा, अशी पद्धत रूढ झाली. जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून प्रकाशझोत नेण्यासाठी जी उंची लागते ती ट्रकच्या हौद्याने आपोआप मिळवून दिली.

या फिरत्या चित्रगृहांचा मुक्काम यात्रांच्या पंचांगावर ठरत असे. साधारणतः दिवाळीनंतर हंगाम सुरू होई आणि पावसाळ्यापूर्वी संपे. पुण्या-साताऱ्याकडील ग्रामदैवतांच्या जत्रा असोत, वणीची रंगनाथस्वामींची यात्रा असो वा चंद्रपूरची महाकालीची चैत्री यात्रा असो, जेथे बैलबाजार आणि देवदर्शन एकत्र भरे तेथे करमणुकीच्या व्यवसायाला हुकमी गिऱ्हाईक होते. सात-आठ महिने घराबाहेर राहणाऱ्या कामगारांना ट्रक हाच आसरा असे. अंथरुणे, स्टोव्ह, पिठाचे डबे, फिल्मच्या पेट्या, कार्बनच्या कांड्या, ध्वनिक्षेपकाचे भोंगे आणि तंबूचे कापड हे सर्व एकाच हौद्यात मावावे लागे. तमाशाच्या फडांचे ट्रकही असेच भरलेले असत, परंतु तेथे ट्रक मुक्कामी रिकामा होई व मंडळी राहुट्यांत राहत. टॉकीजचा ट्रक रिकामा होत नसे, कारण त्याच्या पोटात यंत्र होते. हा फरक वरवर क्षुल्लक वाटला तरी ट्रकची ओळख पटविताना तोच निर्णायक ठरतो.

शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील फिरत्या चित्रगृहांवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ च्या कान महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे माहितीपटांच्या विभागात त्याची विशेष दखल घेतली गेली. गंजत चाललेले ट्रक, थकलेली यंत्रे आणि फिल्मकडून डिजिटल प्रक्षेपणाकडे झालेले संक्रमण त्यात प्रत्यक्ष टिपलेले आहे. या संक्रमणानंतर जड प्रक्षेपक निरुपयोगी ठरले व ते भंगाराच्या भावाने विकले जाऊ लागले. ट्रकचे दुसरे जीवन सुरू झाले ते येथून. कोणी वाळू वाहिली, कोणी वीटभट्टीवर गेला, काही नुसतेच उभे राहिले.

ओळख पटविण्याची साधने

एखाद्या शेडमध्ये किंवा बाभळीखाली उभा असलेला जुना ट्रक पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘मॉडेल कोणते’ असा. इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रश्न विचारावा, पण तेथेच थांबू नये. कारण भारतीय ट्रकला एक जन्मतारीख नसते. किमान तीन असतात. चासीची एक, इंजिनाची दुसरी आणि बॉडीची तिसरी.

चासीपासून सुरुवात करू. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये व जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत वाहनांची जुळणी सुरू केली. दोन्ही कंपन्यांनी १९५४ मध्ये आपले काम गुंडाळले. म्हणून मुंबईत जुळणी झालेला शेव्हरोले वा फोर्ड ट्रक १९५४ नंतरचा असू शकत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर कंपनीची वाहने बाहेर पडू लागली. तेथे जवळजवळ एकच ट्रक डॉज, फार्गो व डिसोटो अशा वेगवेगळ्या नावांनी विकला जाई, त्यामुळे बोनेटवरील नावाची पट्टी पाहून तो वेगळ्या कंपनीचा आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. बेडफर्ड ट्रकची परंपरा पुढे हिंदुस्थान मोटर्सने चालविली. टेल्कोचा डेमलर-बेन्झशी करार १९५४ मध्ये झाला आणि १९६९ मध्ये संपला. त्या काळातील टाटा ट्रकच्या जाळीवर तीन टोकांचा तारा दिसतो, त्यानंतरच्या ट्रकवर ‘टी’ हे अक्षर आले. अर्थात तारा खुणेच्या जाळ्या नंतरच्या ट्रकवर हौसेने बसविणारेही होते. म्हणून जाळी पाहावी, पण विश्वास चासीच्या लांब दांडीवर ठोकलेल्या क्रमांकावर ठेवावा.

या यादीत एका गटाची भर घालावी लागते, तो म्हणजे युद्धोत्तर लिलावातील लष्करी ट्रक. दुसऱ्या महायुद्धात एकट्या कॅनडाने लष्करी नमुन्याचे सुमारे ४ लाख ट्रक तयार केले. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेली अमेरिकी व कॅनेडियन वाहने सरकारने विकली. चपटे नाक, आखूड बोनेट आणि उंच चाके ही त्यांची लक्षणे होत. नव्या ट्रकसाठी भांडवल नसलेल्या व्यावसायिकांना ही संधी होती. युद्धकाळातील पेट्रोलटंचाईत कित्येक मोटारी कोळशाच्या गॅसवर चालविल्या गेल्या. एखाद्या चासीवर गॅसचे पिंप बसविण्यासाठी पाडलेली भोके आढळली तर ते वाहन त्या वर्षांतही रस्त्यावर होते असे म्हणता येते.

इंजिनाची तारीख बहुधा चासीच्या तारखेशी जुळत नाही. शेव्हरोले, फोर्ड आणि जुने डॉज हे पेट्रोलवर चालणारे ट्रक होते. डिझेल स्वस्त असल्याने पुढे त्यांत पर्किन्स इंजिने बसविण्यात आली. ही इंजिने मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होत असत. आजचा हौशी संग्राहक असे इंजिन पाहून हळहळतो. त्याच्या दृष्टीने ट्रक ‘बाटलेला’ असतो. वास्तविक हा बदल म्हणजे तिकिटाच्या काही आण्यांवर चालणाऱ्या धंद्याने इंधनाच्या भाववाढीला दिलेले उत्तर आहे, आणि आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मूळ पेट्रोल इंजिनापेक्षा तो अधिक बोलका आहे.

नोंदणी क्रमांकाचे प्रकरण आपल्या भागात विशेष गुंतागुंतीचे आहे. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ नंतर राज्याची दोन अक्षरे व जिल्हा कार्यालयाचा अंक अशी पद्धत आली. यवतमाळचा एमएच-२९ हा त्यातील क्रमांक. त्यापूर्वीच्या क्रमांकात तीन अक्षरे व पुढे अंक असत आणि जिल्ह्याचा आकडा नसे. यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, १९५० नंतर मध्यप्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात आहे. एकाच जागी राहिलेल्या मालकाच्या ट्रकची कागदपत्रेही त्यामुळे निरनिराळ्या राज्यांच्या शिक्क्यांची असू शकतात, आणि नदी ओलांडून खरेदी-विक्री झाली असल्यास शोध आणखी लांबतो.

बॉडीची तारीख ही सर्वांत दुर्लक्षित, परंतु आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची. कारखान्यातून चासी बाहेर पडे ती पुष्कळदा केवळ बोनेट व समोरच्या पत्र्यासह. मागचे सर्व काम, आणि अनेकदा केबिनसुद्धा, स्थानिक सुतार व लोहार करीत. यवतमाळसारख्या सागवानाच्या जिल्ह्यात हौद्याला साग मिळणे स्वाभाविक होते. फळ्यांचे सांधे, लोखंडी पट्ट्यांची वळणे, रिबेट की नटबोल्ट, मागील फाळक्याचे बिजागर कसे घडविले आहे, यांवरून कारागिराची पद्धत ओळखता येते. या कामात महाविद्यालयीन अभ्यासकापेक्षा गॅरेजमधील वयस्क मिस्त्री कितीतरी अधिक जाणतो, आणि त्याची साक्ष मौखिक इतिहासाच्या पद्धतीने रीतसर नोंदविली पाहिजे.

हा ट्रक टॉकीजचाच होता कशावरून? यासाठी बॉडीच्या आतील भाग वाचावा लागतो. हौद्याच्या तळाला चार जाड बोल्टची भोके चौकोनात असतील तर तेथे प्रक्षेपकाचा पाया होता असा तर्क करता येतो. त्यांच्या समोरच्या भिंतीत माणसाच्या छातीच्या उंचीवर लहान चौकोनी झरोका व त्याशेजारी ऑपरेटरला पडदा पाहण्यासाठी दुसरा झरोका असतो. त्यांवर खाली पडणारी पत्र्याची झडप असे. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असल्याने यंत्रगृह आतून पत्र्याने मढविले जाई आणि झडपा ठेवल्या जात. छतावर धुराड्याचे भोक व त्याभोवती काजळी असल्यास ती कार्बनच्या ज्योतीची खूण होय. कार्बन कांड्यांवर तांब्याचा मुलामा असे. ज्योतीत तो वितळून खाली पडे. फळ्यांच्या फटीत तांब्याचे बारीक मणी सापडले तर दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज उरत नाही. यंत्राच्या बाजूची जागा मोकळी नसून तेथे अंथरूण टांगण्याचे हूक, डबे अडकविण्याची फळी किंवा स्टोव्हच्या बुडाचे वर्तुळाकार डाग असतील, तर त्याच चार भिंतींत माणसे राहत होती हेही सिद्ध होते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. झरोके असलेली प्रत्येक जुनी गाडी टॉकीजची नसते. पंचवार्षिक योजनांच्या प्रसिद्धीसाठी १९५३ मध्ये केंद्र सरकारने क्षेत्रीय प्रचार यंत्रणा उभारली आणि तिच्या गाड्या १६ मिलिमीटर फिल्मचे यंत्र घेऊन खेडोपाडी फिरत. हे यंत्र हलके असल्याने ते पुष्कळदा खाली उतरवून टेबलावर मांडले जाई. तेथे जाड बोल्ट नसतात, धुराडे नसते आणि कार्बनची काजळीही नसते. टॉकीजचा ट्रक ३५ मिलिमीटरचा, तिकीट लावणारा. प्रचाराची गाडी फुकट खेळ दाखविणारी. दोहोंचा इतिहास वेगळा आहे आणि दोन्ही जतन करण्याजोगे आहेत.

दुरुस्ती करताना

ओळख पटल्यावर उत्साहाच्या भरात होणारी पहिली गोष्ट म्हणजे रंग. वाळूच्या फवाऱ्याने सर्व पत्रा घासून काढावा, चकचकीत नवा रंग द्यावा व त्यावर ‘टुरिंग टॉकीज’ असे सुंदर अक्षरांत लिहून घ्यावे, याला सर्वसाधारणपणे जीर्णोद्धार म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा पुराव्याचा नाश आहे. असे ट्रक हंगामापूर्वी पुन्हा रंगविले जात आणि मालक बदलला की नाव बदले. त्यामुळे रंगाचे थर हे त्या ट्रकचे दप्तरच असते. एका लहान जागी बारीक कागदाने पायरीपायरीने घासत गेल्यास एकाखाली एक रंग वर्तुळांसारखे उघडे पडतात. तिरप्या प्रकाशात जुन्या अक्षरांचे उंचवटेही वाचता येतात. छायाचित्रे घेऊन, मोजमाप करून व थरांचा क्रम लिहून ठेवल्याशिवाय पत्र्याला हात लावू नये.

यंत्रगृहाच्या आतील अस्तर काढतानाही घाई नको. काही ठिकाणी पत्र्यामागे ॲस्बेस्टॉस असू शकतो व त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. तो कोरडा फोडणे, कापणे वा भोक पाडणे टाळावे. ब्रेक, स्टीअरिंग व विजेच्या तारा यांबाबत मात्र जुनेपणाचा मोह धरता येत नाही. ट्रक चालवायचा असेल तर हे भाग सुरक्षित केलेच पाहिजेत. काढलेले भाग चिठ्ठी लावून जपावेत. कुजलेल्या फळीच्या जागी नवी फळी घालावी, पण तिच्या आतील बाजूवर वर्ष कोरावे, म्हणजे पुढील अभ्यासकाची फसगत होणार नाही. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेत नवे काम जुन्याशी सुसंगत पण वेगळे ओळखू येणारे असावे, असे तत्त्व आहे. मंदिराच्या दगडाला लागू होणारे हे तत्त्व ट्रकच्या सागवानालाही लागू पडते.

या संदर्भात ब्रिटनमधील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथील तंत्रज्ञान मंत्रालयाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेडफर्डच्या चासीवर सात फिरती चित्रगृहे बांधून घेतली. कारखान्यांना आधुनिक उत्पादनपद्धतीची माहिती देणे हा त्यांचा हेतू होता. त्यांपैकी एकच टिकले. एकविसाव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला व त्यात पुन्हा चित्रपट दाखविले जाऊ लागले. सरकारी कागद उपलब्ध असल्याने त्याचे मूळ रूप काय होते हे ठरविणे तेथे तुलनेने सोपे होते. आपल्या ट्रकच्या बाबतीत आराखडा नाही. सुताराच्या डोक्यात होता तोच आराखडा.

कायद्यातील ‘मूळ रूप’

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर इतका ऊहापोह आवश्यक नव्हता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ऐतिहासिक वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नोंदणीची सोय केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या वाहनास ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते व अशा वाहनाचा व्यावसायिक वापर करता येत नाही. हे पाऊल स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु त्यातील व्याख्या दुचाकी व प्रवासी मोटारींपुरती मर्यादित आहे. मालवाहू वाहने तीत बसत नाहीत. शिवाय वाहन मूळ रूपात असावे आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे.

टॉकीजचा ट्रक या व्याख्येबाहेर दोनदा पडतो. तो मालवाहू आहे म्हणून एकदा, आणि त्याची बॉडी कारखान्यात बनलेली नाही म्हणून पुन्हा. महाराजांची मोटार मूळ रूपात राहते, कारण ती वापरली कमी जाते. कष्टाचे वाहन मूळ रूपात राहूच शकत नाही. राहिले असेल तर त्याने काम केले नाही असाच अर्थ होतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत नेमका हा भेद ओळखलेला आहे. वाहनाच्या वापराच्या काळात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाचाच भाग होत, अशी तिची भूमिका आहे. आपल्या नियमांची व या सनदेची तुलना केल्यास दोहोंतील अंतर सहज ध्यानात येते.

दुसऱ्या बाजूने भंगाराचा रेटा वाढला आहे. वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम २०२१ मध्येच आले आणि १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द झाली. शासकीय प्रचाराच्या ज्या गाड्यांचा वर उल्लेख केला त्यांच्यापैकी कोणी तोवर नोंदणीत उरली असल्यास तिचा मार्गही तिकडेच जातो. पुण्यात १९६४ पासून फिल्म जतन करण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे, मुंबईत २०१९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय खुले झाले. परंतु दोन-तीन टनांचा, तेल गळणारा, कागदपत्रे अपुरी असलेला ट्रक स्वीकारणे कोणत्याही संग्रहालयाला सोपे नसते.

अशा स्थितीत तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम आहे, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. परिसरात उभ्या असलेल्या जुन्या ट्रकची पाहणी करून चासी क्रमांक, इंजिनाचा प्रकार, बॉडीची मापे, बोल्टच्या भोकांमधील अंतरे, झरोक्यांची उंची व रंगांचे थर एका ठरावीक नमुन्यात नोंदवावेत. ट्रक उद्या भंगारात गेला तरी ही नोंद राहील. त्याबरोबरच ऑपरेटर, चालक, तिकीट फाडणारे आणि बॉडी बांधणारे सुतार यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, शक्य तर प्रत्यक्ष ट्रकजवळ बसवून. कोणती फळी कशासाठी होती, रात्री कोण कोठे झोपे, पाऊस आला तर यंत्रावर काय झाकीत, हे त्यांनाच सांगता येईल. आणि कार्बनच्या ज्योतीवर काम केलेली ही पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे.